जिंकलेला मफलर

प्रिय ट्रेव्हर,

परवा लोरेनचा फोन आला होता. बोलायला फार गोड आहे तुझी मुलगी. हा गुण तिने तुझ्याकडून घेतलेला नसणार. म्हणाली, "मिसेस क्लेग, बाबा हल्ली दिवसभर एक जुना मरून मफलर मांडीवर घेऊन बसतात. कुणाचा म्हणून विचारलं तर त्यांना सांगता येत नाही. मला वाटतं तो तुमच्या नेव्हिलचा. पोस्टाने पाठवून देऊ का?" मी म्हटलं, नको. ती म्हणाली, "पण तो तुमचाच आहे ना?" मी म्हटलं, माझाच आहे, म्हणून तर पोस्टाने नको. हे तिला कळलं नसावं, आणि मलाही फोनवर नीट सांगता येईना. मी आयुष्यभर बोलले कमी आणि वाचलं जास्त, त्यामुळे मला जे काही जमतं ते कागदावर. लोरेन तुला हे हळूहळू वाचून दाखवेल म्हणाली, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. तुला ठाऊक असलेलंही लिहिते. मधेच कंटाळलास तर तिला थांबव, चहा घे, पुन्हा बस. आणि लोरेन, काही ठिकाणी तुझ्या वडिलांबद्दल वाईट लिहिलं आहे. ते गाळू नकोस.

मी नॉर्मा. नेव्ह क्लेगची बायको, डोंगराच्या अलीकडच्या हार्कलेची. तो मफलर मी विणला, एकोणीस वर्षांची असताना. तेव्हा मी सपातांच्या कारखान्यात तळवे शिवत होते आणि नेव्ह पलीकडच्या रंगाऱ्यांच्या शेडमध्ये होता. त्याचे हात कोपरापर्यंत कुठल्या ना कुठल्या रंगाचे असायचे, पण शुक्रवारी संध्याकाळी मुद्दाम मरून रंगाच्या पिंपावर पाळी मागून घ्यायचा, म्हणजे शनिवारी मैदानावर जाताना हातही आपल्या फुटबॉल क्लबच्या रंगाचे. अशा माणसाला काय द्यायचं हा प्रश्नच नव्हता. लोकर पुरली नाही, म्हणून एका टोकाच्या झालरी जरा फिकट आहेत. मधे एका ओळीत टाका सुटला आहे. तेव्हा उसवायचा कंटाळा केला, मनात म्हटलं, गळ्याभोवती गेल्यावर कोण बघतंय. तू तो पन्नास वर्षं बघितलास.

बहात्तरच्या हिवाळ्यात नेव्ह तुमच्या स्टॅनरिजहून सामना बघून घरी आला तो खांद्याचं हाड मोडून आणि मफलर नसलेला. हाड पायरीवरून घसरल्यामुळे मोडलं आणि मफलर गाडीत राहिला, असं त्याने मला सांगितलं. मी त्याच्यावर रागावले, मग त्याच्या झोळीत अडकवलेल्या हाताकडे बघून रडले, आणि दुसरा विणला. दुसऱ्यात एकही टाका सुटला नाही. तो त्याने तीसेक वर्षं वापरला. मला तो कधी आवडला नाही, आणि त्यालाही नसावा.

आमच्याकडच्या बायका नवऱ्याच्या दारूबद्दल बोलायच्या, एखादी दबक्या आवाजात दुसऱ्या बाईबद्दल बोलायची. मी ऐकून घ्यायची. बाई असती तर मला बरं झालं असतं, ट्रेव्हर. बाईशी भांडता येतं, तिच्या दारात जाऊन उभं राहता येतं. माझी सवत म्हणजे मैदानाच्या उतरत्या सिमेंटच्या पायऱ्या आणि त्यांच्यावर दाटीने उभे असलेले हजारो पुरुष. शनिवारी सकाळी नेव्ह शिट्टी वाजवत दाढी करायचा. मला घेऊन नाचाला जाताना तो आदल्या दिवशीच्या खुंटांवर भागवायचा. संध्याकाळी परत यायचा तेव्हा घसा पूर्ण बसलेला. आवाज सगळा तुमच्यावर खर्च करून यायचा आणि रविवारी माझ्या वाट्याला एक घोगरं "हं" उरायचं. शर्टावरचं रक्त थंड पाण्यात मीठ घालून काढायचं असतं, हे मला लग्नानंतर पहिल्याच वर्षात कळलं. रक्त कुणाचं हे मी विचारत नसे. अशा शनिवारी दुपारी मी वाचनालयात जाऊ लागले, पहिल्यांदा फक्त ऊब मिळते म्हणून. पंधराव्या वर्षी शाळा सुटलेल्या मुलीने पुढे जे काही वाचलं ते सगळं तुमच्या सामन्यांच्या वेळात वाचलं. त्याबद्दल आभार मानू का तुझे? नाही मानणार. पुस्तक मिटून मी घरी यायची आणि त्याला गोष्ट सांगायला सुरुवात करायची, तर तो डोळे मिटून पायाने जमिनीवर ताल धरून बसलेला असायचा. तुमचीच गाणी.

तुझं नाव मला पहिल्यांदा एका नाताळच्या भेटकार्डावरून कळलं. आत शुभेच्छा नाहीत, काही नाही. "स्टॅनरिज दोन, हार्कले शून्य. ट्रेव्हर हॅलिवेल." मी विचारलं, हा कोण. नेव्ह म्हणाला, "आहे एक साबणवाला." तुमच्या गावात साबणाचे कारखाने, म्हणून आमच्याकडे म्हणायचे की ही माणसं साबण करतात सगळ्या जगासाठी आणि स्वतः मात्र अंघोळ करत नाहीत. आणि तुम्ही आम्हाला म्हणायचात सपातवाले. पायांचा आवाज न करता पळून जाता यावं म्हणून सपाता घालून येतात म्हणे. ते कार्ड नेव्हने आरशाला खोचून ठेवलं, माझ्या बहिणीचं कार्ड जिथे होतं तिथेच. ज्या वर्षी आम्ही जिंकायचो त्या वर्षी कार्ड यायचं नाही, आणि गंमत बघ, त्या वर्षी तो पोस्टमनची जास्त वाट बघायचा.

हे सगळं मजेचं नव्हतं, हेही लिहायला हवं. अठ्ठ्याहत्तर साली तुमच्याकडच्या एका पोराचा डोळा गेला. कुणीतरी कडा घासून धार काढलेलं नाणं फेकलं होतं, आमच्या बाजूने. मी ते वर्तमानपत्रात वाचलं. नेव्ह त्यानंतर नाताळपर्यंत मैदानावर गेला नाही. शनिवारी दुपारी खुर्चीत बसून असायचा आणि मी वाचनालयात जायचं सोडून त्याच्यासमोर बसायची, की बोलेल. बोलला नाही. पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं की त्याच महिन्यात तो डोंगर ओलांडून तुला भेटायला आला होता, तुम्ही दोघं त्या पोराच्या घरी गेला होतात आणि त्याच्या आईने तुम्हाला दारातूनच परत पाठवलं. मारामारी त्याने सोडली ती तेव्हा. माझ्याकडे यायच्या आधी त्याचं मन तुझ्याकडे आलं, ही गोष्ट मला अजूनही गिळता आलेली नाही.

पुढे पायऱ्यांसमोर कुंपणं आली, मग कुंपणं गेली आणि खुर्च्या आल्या, तुमची पोटं सुटली. मला वाटलं आता तरी तो पुरता माझा होईल. कारखाना बंद झाला, मुलगा कॅनडात गेला, आम्ही दोघंच. चार-पाच वर्षं तशी गेली सुद्धा. मग तो विसरायला लागला.

आधी किल्ल्या, मग रस्ते, मग मुलाचं नाव. मी पुस्तकं आणून वाचली. त्यात लिहिलं होतं, फोटो दाखवा, आवडीचे पदार्थ करा, प्रेमाने बोला. मी लग्नाचा फोटो दाखवला. तो म्हणाला, छान जोडी आहे. बटाट्याचा रस्सा केला, लाल कोबीच्या लोणच्यासकट, तो म्हणाला, "आभारी आहे हं, बाई." परक्या बाईशी बोलावं तसा अदबीने बोलायचा. तीच अदब मला सहन व्हायची नाही. लग्नाच्या नवऱ्याने इतकं सभ्य असू नये.

मग आमच्या क्लबने गुरुवारी दुपारी विसरायला लागलेल्या म्हाताऱ्यांसाठी आठवणींचा गट सुरू केला. जुनी तिकिटं, खेळाडूंचे फोटो, चहा, बिस्किटं. कॉलिन नावाचा एक निवृत्त शिक्षक ते चालवतो, भला माणूस. नेव्ह तिथेही पाहुण्यासारखाच बसायचा. आणि मग एका गुरुवारी तू बस बदलत बदलत आलास, काळा-पांढरा मफलर घालून आमच्या क्लबच्या दारातून सरळ आत. कोट काढायच्या आधी म्हणालास, "काय रे सपातवाल्या, चौऱ्याहत्तरला तुम्हाला तीन-एकने झोडपलं होतं, आठवतं का?" कॉलिन घाबरून पुढे आला. पण नेव्ह ताठ झाला. त्याची मान वर आली, डोळ्यांत ओळख आली, ती मी जवळजवळ वर्षभर पाहिली नव्हती. म्हणाला, "दोन-एक. खोटारड्या. आणि तुमचा दुसरा ऑफसाइड होता." आणि मग त्याने आमच्या संघातली अकराच्या अकरा नावं म्हणून दाखवली, गोलकीपरपासून. मी हातात चहाची किटली घेऊन उभी होते. मुलाचं नाव न आठवणारा माणूस.

तू मुद्दाम चुकीचे आकडे सांगत होतास, हे मला त्याच दिवशी कळलं. तुझ्यासारख्या माणसाला खरे आकडे पाठ नसतील यावर माझा विश्वास नाही. इतरांना वाटलं, किती चांगला माणूस. मला मात्र तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मी वर्षभर गोंजारून, भरवून, हात धरून जे करू शकले नाही, ते तू एका शिवीत केलंस. दर गुरुवारी तो तुझ्यासाठी जागा व्हायचा आणि घरी येताना बसमध्ये माझ्या शेजारी पुन्हा मावळायचा.

मग तो मफलराचा गुरुवार. तू पिशवीतून एक जुना मरून मफलर काढलास, आपल्या काळ्या-पांढऱ्यावर गळ्यात घातलास आणि काही न बोलता बिस्किट खात बसलास. मी झालरीवरून ओळखला. नेव्हने कशावरून ओळखला कोण जाणे, पण त्याचा कप खाली आला. "तो माझा आहे," तो म्हणाला. "होता," तू म्हणालास. "दे इकडे, साबणवाल्या." "जिंकलेला मफलर परत देतात होय? तुझ्या बापाने दिला होता कधी? हिंमत असेल तर घे." नेव्हने झालर धरली आणि ओढली. तूही सोडेनास. दोन म्हातारे खुर्च्यांवर बसून दात-ओठ खात ओढाताण करताहेत आणि कॉलिन मधे हात घालून म्हणतोय, "अहो, आपण सगळे मित्र आहोत ना इथे." तुम्ही दोघं एकदम म्हणालात, "आम्ही मित्र नाही."

त्या दिवशी मला खरी हकिकत कळली. गाडीत राहिला म्हणे. नेव्ह तुमच्या पायऱ्यांवर शिरला होता, गॅसच्या टाकीकडच्या बाजूला, हजारो साबणवाल्यांच्या मधोमध, मफलर कोटाच्या आत लपवून. तुमच्या त्या वेडेपणाची रीतच तशी होती: चुपचाप उभं राहायचं, आणि आपला गोल झाला की रंग बाहेर काढायचा, म्हणजे शत्रूच्या घरात झेंडा लागला. गोल झाला. नेव्हने मफलर काढून दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरला. आणि तेवढ्यात रेफरीने तो गोल नाकारला. "अख्खं स्टॅनरिज वळून या गाढवाकडे बघायला लागलं," तू सांगत होतास, "आणि हा अजून नाचतोय." नेव्ह म्हणाला, "गोल बरोबर होता." "मफलर तरी खाली घ्यायचास." "गोल बरोबर होता म्हटलं ना." मग तू सांगितलंस, की तू शेजारीच होतास, तू मफलर त्याच्या मानेभोवती आवळलास आणि त्याला फरफटत खाली कठड्यापर्यंत नेऊन पोलिसांच्या पायांशी टाकलंस. त्या ओढण्यातच त्याचं हाड मोडलं. तू म्हणत होतास की मारायला नेलं. नेव्ह म्हणत होता की त्याने तुला दोन लगावले. पण खाली पडलेल्या माणसाचं तिथे काय व्हायचं हे तुम्हा दोघांनाही ठाऊक होतं आणि मलाही. तू त्याला वाचवलंस. माझ्याच मफलराने, आणि मला पन्नास वर्षं पत्ता नाही.

आणि मग नेव्ह माझ्याकडे वळला. झालर हातातच. म्हणाला, "बाई, तुम्हीच सांगा या माणसाला. माझ्या पोरीने विणलाय तो. हा गेला हे तिला कळलं तर ती मला उभा चिरेल." मी विचारलं, कोण पोरगी. "नॉर्मा," तो म्हणाला. "सपातांच्या कारखान्यात आहे. फार तिखट. पण हसली ना, की..." आणि त्याने वाक्य सोडून दिलं आणि स्वतःच हसला. मी विचारलं, दिसते कशी. तो मला नीट न्याहाळून म्हणाला, "राग मानू नका बाई, पण तुमच्या वयाची नाही ती." तू तेव्हा खाली बघितलंस. तेवढं एक तू चांगलं केलंस.

आयुष्यभर मी मैदानाचा मत्सर केला, मग तुझा केला, आणि सरतेशेवटी त्या एकोणीस वर्षांच्या पोरीचा. तिला तो विसरला नव्हता. तो तिच्याच धाकात होता. आणि ती आमच्या घरात नव्हती, लग्नाच्या फोटोत नव्हती. ती तुझ्या गळ्यात होती, सुटलेल्या टाक्यासकट. दर गुरुवारी तू तिला पिशवीत घालून आणायचास आणि संध्याकाळी डोंगरापलीकडे घेऊन जायचास. मी मागितला असता तर तू दिलाही असतास. मी मागितला नाही, कारण बसमध्ये नेव्ह खिडकीबाहेर बघत म्हणायचा, "पुढच्या गुरुवारी घेतोच त्याच्याकडून." काल, आज, उद्या सगळं गळून गेलं होतं त्याचं. पुढचं म्हणून त्याच्याजवळ एवढंच उरलं होतं.

त्याच्या अंत्यविधीला सगळे मरून रंगात आले आणि तू काळी-पांढरी टाय लावून आलास. ती मी समजू शकले. नेव्हला दुसरी कुठली चालली नसती. पण दारात तू मला विचारलंस, "नेव्ह कुठेय?" मी म्हटलं, आत. तू म्हणालास, "मग बोलव की बाहेर त्या भेकडाला." लोक हसले. मला वाटलं ही तुझी शेवटची खोड. मी पाठ फिरवली आणि वर्षभर तुझं नाव काढलं नाही. परवा लोरेनने सांगितलं तेव्हा कळलं, की ती खोड नव्हती. तू खरंच विचारत होतास.

लोरेन म्हणते, आता तुला तुमच्या स्टॅनरिजच्या गटात घेऊन जाते, दर गुरुवारी. तुझीच युक्ती तिथे तुझ्यावर चालवून बघतात. प्रेमळ बायका तुझ्याजवळ बसून चुकीचे आकडे सांगतात. तिनेही सांगून पाहिले. तू हसतोस आणि म्हणतोस, "असेल बुवा." हे वाक्य तिने फोनवर सांगितलं तेव्हा मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. ट्रेव्हर हॅलिवेल कुणाला "असेल" म्हणतो, हे ऐकायला नेव्ह नाही तेच बरं. पण तिला वाटतं तसं आकड्यांमुळे होत नव्हतं ते. नेव्ह तुझ्या आकड्याने उठत नसे, तुझ्या वैराने उठत असे. ते खरं होतं. त्या बायकांच्या मनात तुझ्याबद्दल काडीचंही वैर नाही, मग तू कुणासाठी जागा होशील?

म्हणून हे लिहिते आहे. येत्या गुरुवारी मी डोंगर ओलांडून तुमच्याकडे येते आहे, नेव्हचा दुसरा मफलर घालून, तुमच्या क्लबच्या दारातून सरळ आत. माझ्या मनात तुझ्याविरुद्ध जे आहे ते नाटकाने आणावं लागणार नाही. ते पन्नास वर्षांचं आहे आणि अजून ऊन आहे. माझे शनिवार, त्याचा आवाज, त्या महिन्यातलं त्याचं दुःख आणि ती पोरगी, एवढं तू माझं घेतलंस. मी तुझ्यासमोर बसेन आणि तो मफलर ओढेन. तू सोडू नकोस. मला सपातवाली म्हण, काय वाटेल ते म्हण, पण घट्ट धर. जिंकून मिळाला तर घरी नेईन. पण तू जर एखाद्या सभ्य म्हाताऱ्यासारखा हसून म्हणालास, "घ्या बाई, तुमचाच असेल," तर मी तो घेणार नाही. पुन्हा तुझ्याच गळ्यात घालीन, चहा पिईन, आणि पुढच्या गुरुवारी परत येईन.

तुझी जुनी वैरीण,
नॉर्मा क्लेग